रोजच्या वापरासाठी ब्राउझर कोणता? गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, फोंडा, म्हापसा भागातल्या ओळखीच्या घरांत फोन किंवा संगणक लावून देताना हे प्रश्न सतत कानावर येतात. उत्तरे घरगुती वापराला धरून आहेत: बातम्या वाचणे, वीज बिल भरणे, चवथीचे रेल्वे तिकीट काढणे, बँकेचे काम, सरकारी दाखले. कार्यालयीन संगणकाचे नियम वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

फाटे न फोडता सांगा, कोणता ब्राउझर घेऊ?

दोन घ्या. एक पैशांसाठी आणि कागदपत्रांसाठी, दुसरा बाकी सगळ्यासाठी. माझा सल्ला असा: अँड्रॉइड फोनवर क्रोम असतेच, ते बँक आणि सरकारी कामांपुरते राखून ठेवा आणि बातम्या, पाककृती, व्हिडिओ, खरेदीची चौकशी यांसाठी फायरफॉक्स घ्या. विंडोजच्या संगणकावर हीच वाटणी एज आणि फायरफॉक्सची करा. आयफोनवर बँकेसाठी सफारी पुरे, बाकी कामांसाठी दुसरा कुठलाही चालेल.

कोणत्या कंपनीचा ब्राउझर यापेक्षा ही वाटणी जास्त उपयोगाची आहे, असे माझे ठाम मत आहे. फसव्या जाहिराती, नको ती परवानगी, संशयास्पद डाउनलोड हे सगळे बहुतेक वेळा वाचता-पाहताना अंगावर येते. त्या ब्राउझरात बँकेचे लॉगिन, जतन केलेला पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर नसेलच, तर नुकसानही आटोक्यात राहते.

ब्राउझर म्हणजे गुगलच ना?

नाही. ब्राउझर हे पाने उघडणारे ॲप आहे. गुगल हे शोधून देणारे संकेतस्थळ आहे आणि क्रोम हा ब्राउझर त्याच कंपनीचा असल्यामुळे गल्लत होते. फायरफॉक्समध्येही गुगलवर शोधता येते आणि क्रोममध्ये शोधासाठी डकडकगो लावता येते. सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ नावाचा पर्याय असतो, तिथे बदल करायचा.

इतकी नावे आहेत, त्यांच्यात खरा फरक काय?

वरून दिसतो त्यापेक्षा कमी. सत्तरी तालुक्यात भुईपालला चेसिसवर बसची बॉडी बांधतात. चेसिस तीच असली तरी रंग, खुर्च्या आणि खिडक्या गिऱ्हाईक सांगेल तशा. ब्राउझरचेही तसेच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट आणि झोहो या भारतीय कंपनीचा उला हे सगळे क्रोमियम या एकाच मुक्त (कुणालाही वापरता येणाऱ्या कोडच्या) प्रकल्पावर उभे आहेत. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग, सोडून जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणले. ऑपेराने हा निर्णय २०१३ मध्येच घेतला होता.

क्रोमियमबाहेर ठळक नावे दोनच उरतात: ॲपलचे सफारी, जे वेबकिट इंजिनावर चालते, आणि मोझिलाचे फायरफॉक्स, ज्याचे इंजिन गेको. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत वेबकिटच असते, कारण ॲपलचा तसा नियम आहे. त्यामुळे आयफोनवर ब्राउझर बदलून पाने जास्त चांगली उघडतील अशी अपेक्षा ठेवू नका.

जगातली बहुतेक पाने एकाच कंपनीच्या इंजिनावर तपासून बनवली जाऊ लागली, तर नियमही तीच कंपनी ठरवणार. मी फायरफॉक्सचा आग्रह धरतो त्यामागे हेही एक कारण आहे.

क्रोम आधीपासूनच आहे, चांगले चालते. मग बदलायचे कशाला?

क्रोम वाईट नाही. सुरक्षेच्या बाबतीत ते भक्कम आहे. २०२३ पासून त्याची सुरक्षा दुरुस्ती दर आठवड्याला येते. अडचण दुसरीकडे आहे. गुगलचे पोट जाहिरातींवर चालते आणि त्याचा परिणाम ब्राउझरवर दिसतो. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर तुमचा माग काढणाऱ्या परक्या कुकीज (साइट्स तुमच्या ब्राउझरात ठेवतात त्या छोट्या नोंदी) सफारीने मार्च २०२० मध्ये सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात बंद करायला सुरुवात केली. क्रोमने अशा कुकीज काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्ये केली, तारखा पुढे पुढे ढकलल्या आणि शेवटी बेत सोडून दिला.

जाहिराती अडवण्याचेही तसेच. यूब्लॉक ओरिजिन नावाचे फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, अनेक जण वापरत. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये ते तिथे बंद पडले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते, पण ताकद कमी. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती आजही चालते, तीही अँड्रॉइड फोनवर. फोनवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनची सोयच नाही. एखादी बातमी वाचताना चार जाहिराती बाजूला सारून परिच्छेद शोधावा लागतो, त्या वाचकाला हा फरक पहिल्या दिवशीच जाणवेल.

फायरफॉक्स फुकट, मग त्यांना पैसे कोण देते?

मुख्यतः गुगलच. फायरफॉक्समध्ये शोधासाठी गुगल आधीपासून लावलेले असते, त्याबद्दल गुगल मोझिलाला मोबदला देते. असाच करार ॲपलशीही आहे. गुगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात समोर आलेल्या कागदांनुसार २०२२ या एका वर्षात गुगलने ॲपलला २० अब्ज डॉलर दिले. आधीपासून लावलेला पर्याय लोक बदलत नाहीत, त्या सवयीची ही किंमत. मोझिलाचे उत्पन्न असे प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून असणे ही काळजीची गोष्ट आहे आणि ती लपवून फायरफॉक्सची शिफारस करणे मला पटत नाही.

आईच्या फोनवर सारखे ‘व्हायरस सापडला’ असे येते. ब्राउझर बदलू का?

आधी हे थांबवा, मग ब्राउझरचे बघू. बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला सूचना पाठवायची परवानगी चुकून दिलेली असते.

शेजारच्या एका काकूंचा फोन हातात घेतला तेव्हा पडदा वरून खाली ओढताच सूचनांची रांग दिसली: लाल त्रिकोण, ‘तुमचा फोन धोक्यात’, ‘आत्ताच साफ करा’. प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर बारीक अक्षरांत क्रोमचे नाव आणि त्यापुढे एका अनोळखी साइटचा पत्ता. ही बारीक ओळ म्हणजेच चोराचा माग. आरतीचे शब्द शोधताना त्या एका पानावर गेल्या होत्या, तिथे ‘पुढे जाण्यासाठी अनुमती द्या’ असे आले आणि त्यांनी ती दिली. माणूस घाईत असतो, बटण ठळक असते, कुणाकडूनही हे होते.

उपाय असा. सूचना डावी-उजवीकडे सारून टाकू नका, ती दाबून धरा. तिथेच त्या साइटच्या सूचना बंद करायचा पर्याय मिळतो. मग क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना असे जा. ज्यांना अनुमती आहे अशा साइट्सची यादी तिथे दिसेल. अनोळखी असतील त्या सगळ्या काढा. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर तर वरचा मुख्य खटकाच बंद करून ठेवा, म्हणजे कुठलीही साइट परत विचारणारच नाही. बँकेचे आणि व्हॉट्सॲपचे संदेश त्यांच्या स्वतःच्या ॲपमधून येतात, त्यांना याने काही होत नाही.

सूचनेवर दाबून काही ॲप उतरवले असेल तर तेही काढावे लागेल. व्हॉट्सॲपवर वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइलींनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा’ ही परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सॲप दोघांसाठी बंद हवी.

पैशांसाठीचा ब्राउझर नेमका कसा ठेवायचा?

रिकामा. पासवर्डचे ॲप वगळता एकही एक्स्टेन्शन नाही, सूचना बंद, आणि बुकमार्कमध्ये फक्त कामाची पाने: तुमची बँक, वीज बिल, रेल्वे तिकीट, सरकारी सेवांचे गोवा ऑनलाइन पोर्टल. त्या पानांवर बुकमार्कमधूनच जायचे. गुगलवर बँकेचे नाव टाकून वर येईल ते उघडायचे नाही, कारण वरच्या जागा जाहिरातींच्या असू शकतात. ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन लावला आणि पलीकडे भामटा निघाला, ही आता नेहमीची कथा झाली आहे. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या.

रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता अधिकृत बँकांनाच मिळतो. तेव्हा जुने बुकमार्क एकदा तपासून नवे करा.

‘कुलूप दिसले की साइट खरी’ हा जुना धडा मात्र विसरा. कुलूप एवढेच सांगते की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जाणारा मजकूर वाटेत कुणी वाचत नाही. साइट भामट्याची असली तरी कुलूप येते. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतले कुलूप काढून दुसरे चिन्ह आणले.

आणि अपडेट. वरच्या कोपऱ्यात अपडेटची खूण दिसली की त्याच दिवशी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. दुरुस्ती उतरलेली असते, पण पुन्हा सुरू केल्याशिवाय ती लागू होत नाही. पंधरा-पंधरा दिवस टॅब उघडे ठेवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढताना काहीच उघडत नाही. ब्राउझर बिघडला?

बहुधा पॉप-अप अडवला गेला आहे. अनेक सरकारी साइट उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर ती जाहिरात समजून रोखतो. संगणकावर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोटे चिन्ह येते, त्यावर दाबून त्या एका साइटला परवानगी द्या. सगळ्या साइट्सना देऊ नका. बँकेचे पैसे भरायचे पान अडकते तेव्हाही हेच कारण असू शकते.

जुन्या साइटवर ‘इंटरनेट एक्सप्लोरर वापरा’ असे लिहिलेले आढळले तर घाबरू नका. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. विंडोजवर कागदपत्रांच्या कामाला मी एज सुचवतो त्याचे हे एक कारण.

झेरॉक्सच्या दुकानात इन्कॉग्निटोमध्ये उघडले तर चालेल ना?

थोडेच चालेल. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की त्या संगणकावर तुमचा इतिहास आणि लॉगिन उरत नाही. पण नेट पुरवणारी कंपनी, तुम्ही भेट दिलेली साइट, किंवा त्या संगणकात कुणी टंकलेखन नोंदवणारे काही घालून ठेवले असेल तर तेही, या कुणापासूनच तुम्ही लपत नाही. शिवाय डाउनलोड केलेली फाइल तशीच राहते. दुकानात प्रिंट काढून झाली की ‘डाउनलोड्स’मधून आधारची प्रत पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. अनेक दुकानांत त्या फोल्डरमध्ये गावभराचे आधार, पॅन आणि दहावीचे दाखले पडलेले असतात. बँकेचे लॉगिन तिथे करूच नका.

बाबांची नजर अधू झाली आहे. मराठी वाचून दाखवणारा ब्राउझर आहे का?

आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. संगणकावर एजमध्ये बातमी उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व यू ही बटणे एकत्र दाबा. वर पट्टी येते, तिथे आवाजाच्या पर्यायांत मराठीचे दोन आवाज मिळतात: आरोही आणि मनोहर. वेग कमी-जास्त करता येतो. उच्चार बऱ्यापैकी सहज आहेत, मात्र नेट चालू हवे.

एक मर्यादा सांगतो. वर्तमानपत्राचा ई-पेपर बहुधा पानाचे छायाचित्र असतो, त्यातली अक्षरे ब्राउझरला वाचता येत नाहीत. त्याच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरची बातमी उघडली की वाचन सुरू होते. स्वतः वाचायचे असेल तर फायरफॉक्स आणि सफारीत वाचनाची वेगळी दृश्ये आहेत: जाहिराती, बाजूची चित्रे सगळे जाते, फक्त मजकूर राहतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे होते. मराठीत वर-खालच्या मात्रा आणि उकार एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन ओळींतले अंतर वाढवा. ज्येष्ठांना याचा जितका फायदा होतो तितका चष्म्याचा नंबर बदलूनही काही वेळा होत नाही.

पोर्तुगालच्या सरकारी साइट वाचायच्या आहेत. भाषांतर होईल?

जन्मनोंदणीच्या निमित्ताने गोव्यातल्या पुष्कळ घरांना हे काम पडते. क्रोम पोर्तुगीज पान थेट मराठीत करून देते. मजकूर त्यासाठी गुगलकडे जातो. फायरफॉक्स पोर्तुगीजचे इंग्रजी तुमच्याच संगणकावर करते, मजकूर बाहेर जात नाही. माहितीचे पान वाचायला क्रोम सोयीचे. तुमची नावे, तारखा, अर्ज क्रमांक भरलेल्या पानाला मात्र फायरफॉक्स बरे. जुन्या दस्तांच्या स्कॅन प्रतींवर दोन्ही चालत नाहीत आणि कायदेशीर कामाला यंत्राचे भाषांतर धरू नये, तिथे जाणकार भाषांतरकारच लागतो.

घरचा संगणक विंडोज ७ चा आहे. काय करू?

क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ ची. त्यानंतरच्या दुरुस्त्या नाहीत, म्हणून त्या संगणकावर बँकेचे काम थांबवा. फेकून द्यायची गरज नाही: विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून घेतली तर त्यात फायरफॉक्स येतेच आणि अपडेटही मिळत राहते. बऱ्या स्थितीतल्या जुन्या आयफोनबद्दलही सावध राहा, कारण सफारी फोनच्या प्रणालीबरोबरच सुधारते. प्रणालीची अपडेट थांबली की सफारीचीही थांबली.

पावसात नेट रांगते. हलका ब्राउझर कोणता?

सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत हा प्रश्न खरा आहे. क्रोमचा डेटा वाचवणारा लाइट मोड २०२२ मध्ये बंद झाला. ऑपेरा मिनी अजूनही पाने आपल्या सर्व्हरवर आकसून पाठवते, त्यामुळे बातम्यांना ते चांगले. पण मजकूर त्या सर्व्हरमधून जातो, म्हणून लॉगिनच्या कामाला घेऊ नका. माझ्या मते फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन ही जोडी जास्त उपयोगी, कारण जाहिराती उतरल्याच नाहीत की पान आपोआप हलके होते.

वीज जाऊन संगणक बंद पडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘सोडलेल्या जागेवरून पुढे सुरू करा’ हा पर्याय लावा. टॅब परत येतात. अर्धवट भरलेला अर्ज येईलच असे नाही, म्हणून लांब मजकूर आधी नोट्समध्ये लिहून मग चिकटवा.

ब्रेव्ह, उला, यूसी यांचे काय?

ब्रेव्ह जाहिराती आधीपासूनच अडवतो, काही लावावे लागत नाही. ज्यांना फायरफॉक्स जमत नाही त्यांना मी तोच सांगतो. त्यातले क्रिप्टोचे (आभासी चलनाचे) पर्याय बंद करून टाका. उला झोहोचा, २०२३ मध्ये आला आणि केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला ठरला. इंजिन वर सांगितल्याप्रमाणे क्रोमियमच. यूसी ब्राउझरवर भारत सरकारने २९ जून २०२० ला बंदी घातली. जुन्या फोनवर तो अजून असेल तर काढा.

एआय ब्राउझर म्हणून जे नवे आले आहेत, पर्प्लेक्सिटीचा कॉमेट किंवा ओपनएआयचा ॲटलस, ते तुमच्या वतीने पाने उघडतात, अर्ज भरतात. पानात दडवलेल्या आदेशांना असा मदतनीस बळी पडू शकतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यात बँक, ईमेल, आधार यांचे लॉगिन करू नका.

एक्स्टेन्शन किती चालतील?

दोन पुरेत: एक जाहिराती अडवायला, एक पासवर्डसाठी हवे तर. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागणारे एक्स्टेन्शन तुम्ही टाइप केलेले सगळे पाहू शकते. चांगले एक्स्टेन्शन विकले जाऊन मालक बदलतो, हेही घडते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक विश्वासाने वापरत होते. मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात घातक कोड असल्याचे सांगून ते काढून टाकले.

जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड नव्यात कसे आणायचे?

संगणकावर नवा ब्राउझर पहिल्यांदा उघडताना तोच विचारतो. राहून गेले तर सेटिंग्जमध्ये ‘आयात करा’ शोधा. बुकमार्क बिनधास्त आणा. पासवर्ड आणताना दोन ब्राउझरांची वाटणी मोडू नका: बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड वाचनाच्या ब्राउझरात नकोतच. काही वेळा पासवर्डची सीएसव्ही फाइल काढावी लागते. त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, कुणीही वाचू शकतो. काम झाल्याबरोबर ती पुसा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका.

एवढे करूनही पैसे गेले तर?

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तर ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. ब्राउझरचा इतिहास पुसू नका. कोणत्या पानावर काय झाले ते पोलिसांना त्यातूनच कळते.